चार्जरचं तोंड बाहेर, लायटरचं आत

मिरग लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मेपर्यंत एसी थंड करत नाही, रेडिएटर गळतो. पुढे चवथीपर्यंत एकच रड, गाडी उठत नाही. या अंकात तीनच पत्रं घेतली आहेत, त्यातली पहिली दोन हौसेच्या गाड्यांची. डिचोलीच्या पत्राने जागा जास्त खाल्ली, पण त्यातली तक्रार निम्म्या गोव्याची आहे.

प्रश्न: काका, मामांची सॅन स्टॉर्म गेल्या वर्षी माझ्याकडे आली. लाल रंग, कापडी छत. उन्हाळ्यात रविवारी मोरजीपर्यंत एक फेरी, आणि मिरगापासून चवथीपर्यंत घरामागच्या शेडमध्ये मुक्काम. बॅटरी बॉनेटखाली आहे. गेल्या पावसाळ्यात नवी कोरी ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचं माप) बॅटरी तीन आठवड्यांत बसली. मामांनी कधीतरी अलार्म बसवून घेतला होता, तो अजून चालू आहे. सिगारेट लायटरचं सॉकेट गंजून गेलंय. तिथे एकच नवं बारा व्होल्टचं सॉकेट बसवावं, पावसाळ्यात त्यातून चार्जर लावावा आणि एरवी मोबाइल आणि हवा भरायचा पंप चालवावा, असं मनात आहे. मेकॅनिक म्हणतो, लायटरची जुनी तार आहे तिलाच जोडू, अर्ध्या तासाचं काम. जोडू का? — आ. गा., डिचोली

उत्तर: नका जोडू. मेकॅनिकवर रागावू मात्र नका, मोबाइलपुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे. चार्जर आला की हिशेब फिरतो.

आधी गाडीबद्दल दोन शब्द, कारण हे पत्र वाचून मला आनंद झाला. स्टॉर्म ही गोव्यात बनलेली गाडी. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, आणि बॉडी फायबरची. रस्त्यावर आता क्वचित दिसते. मामांनी राखली, तुम्हीही राखा. ही फायबरची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती नडणार आहे.

जुन्या तारेचं काय ते पाहू. पुष्कळ गाड्यांत लायटरची तार किल्लीतून फिरून येते. किल्ली बंद केली की तार मेली. अशा सॉकेटात तुम्ही चार्जर खुपसला तर त्याला पलीकडे बॅटरीच दिसत नाही. तो लाल दिवा दाखवतो किंवा गप्प बसतो. तुम्ही खुशाल जाऊन झोपता आणि चवथीला गाडी पुन्हा ढकलावी लागते. तपासायला मल्टिमीटर पुरे. किल्ली काढून खिशात घाला आणि सॉकेटची मधली पिन आणि कडा यांच्यात मोजा. बारा व्होल्ट दिसले तर तार थेट आहे, शून्य दिसलं तर किल्लीतून आहे. थेट असली तरी मी ती वापरणार नाही. इतक्या वर्षांची तार, आतला तांब्याचा धागा हिरवा पडलेला असणार. इंचभर सोलून बघा, चिकट हिरवा बुरा बोटाला लागेल.

आता बॅटरी का मरते ते. अलार्म झोपेतही थोडं पितो. समजा ३५ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला ०.८४ एएच. तीन आठवड्यांत साडेसतरा एएचच्या वर, म्हणजे तुमच्या बॅटरीतला निम्मा माल गेला. त्यात बॅटरी स्वतःच स्वतःला थोडं खाते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात हे खाणं वाढतं. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी झाली की १२.२, आणि १२.० म्हणजे तळाशी आली. तळाशी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतो आणि मग नवी बॅटरीही म्हातारी होते. तेव्हा तुमची बॅटरी खराब निघाली असं मला वाटत नाही, ती उपाशी मेली. तरी एकदा खात्री करा. निगेटिव्हची पट्टी सोडवा, मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा, एक टोक पट्टीला आणि एक बॅटरीच्या खांबाला. दारं बंद, किल्ली बाहेर, थोडा वेळ थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. २०० आला तर आधी ती गळती शोधा, सॉकेटचं नंतर बघू. मीटर जोडलेला असताना किल्ली मात्र फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

स्वस्तातला उपाय हवा असेल तर तोही सांगतो: मिरगाला निगेटिव्हची पट्टी काढून ठेवा. खर्च शून्य. पण अलार्म मुका होतो, आणि स्वतःला खाणं काही थांबत नाही. पावसाळाभरासाठी चार्जरच बरा.

पण तो कुठे लावायचा? तुम्हाला एकच सॉकेट दोन्ही कामांना हवंय, आणि माझं याच गोष्टीवर तुमच्याशी जमत नाही. डॅशबोर्डखालच्या सॉकेटात चार्जर लावायचा तर त्याची दोरी गाडीत कुठून शिरणार? काच बोटभर खाली किंवा कापडी छताची कड सैल. तीही चवथीपर्यंत. शेडमध्ये पाऊस आत येत नाही म्हणाल, पण दमट हवा येते, उंदीर येतो. एका पावसाळ्यानंतर फोंड्यात माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. सीटच्या स्पंजात उंदरांनी पाळणाघर मांडलेलं आणि चार्जरच्या दोरीवर दातांच्या खुणा. शिवाय लायटरची पिन स्प्रिंगवर टेकलेली असते. पंप दहा मिनिटं चालवायला ती ठीक, पण महिनोन्‌महिने लटकत राहण्यासाठी ती बनलेली नाही.

म्हणून दोन तोंडं करा. चार्जरसाठी दोन पिनांचा, रबरी टोपीचा छोटा जोड, जो मोटरसायकलच्या बॅटरी चार्जरबरोबर येतो तोच. त्याच्या दोन तारा बॅटरीच्या खांबांवर रिंग लावून कसायच्या आणि टोक पुढच्या जाळीतून, खाली तोंड करून, बाहेर ठेवायचं. बॉनेट उघडायला नको, काच खाली करायला नको. शेडमध्ये शिरलात, टोपी काढली, जोडलं. आत डॅशबोर्डखाली वेगळं सॉकेट, मोबाइल आणि पंपासाठी, आणि हे किल्लीवर चालणारं. म्हणजे मोबाइलचा चार्जर विसरला तरी तो रात्रभर बॅटरी चाटत बसणार नाही.

दोन पिनांच्या जोडाचं एक गुपित: त्यात एक पिन झाकलेली असते आणि एक उघडी. गाडीकडच्या टोकाला झाकलेली पिन पॉझिटिव्ह असली पाहिजे. उघडी पिन चुकून जाळीच्या लोखंडाला लागली तरी ती निगेटिव्ह असल्याने काही होत नाही. उलट जोडलंत तर एक दिवस ठिणगी बघाल. बाजारातल्या जोडांवर लाल-काळ्या तारांचा रंग कधी कधी फसवतो, म्हणून बसवून झाल्यावर मीटर लावून बघाच.

आता फ्यूज. यावर मी जरा जास्त बोलणार, माफ करा, कारण हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. धंद्यात नवा होतो तेव्हा माझ्याच फियाटमध्ये मी लायटरसाठी बॅटरीवरून थेट तार ओढली. फ्यूज नंतर लावू म्हणालो. तार फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातून नेली, भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) नाही. महिनाभर छान चालली. एका संध्याकाळी मडगावहून येताना बोरीच्या पुलावर डॅशबोर्डखालून धूर. भोकाच्या पत्र्याने तारेचं प्लास्टिक कापलं होतं आणि सगळी बॅटरी त्या एका तारेतून वाहत होती. मागे बस हॉर्न मारतेय, मी बॉनेट उघडून दहा नंबरचा पाना शोधतोय. निगेटिव्ह सुटेपर्यंत तार वितळून कार्पेटला चिकटली होती. गाडी वाचली, उजव्या तळव्यावरचा डाग अजून आहे. तेव्हापासून माझा नियम: फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. सॉकेटपाशी लावलेला फ्यूज सॉकेटला वाचवेल, पण मधल्या दीड मीटर तारेला कोण वाचवणार?

चार्जरच्या जोडाला दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) तार आणि साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरेसा, कारण तुमचा चार्जर पाच अँपिअरच्या वर जाणार नाही. आतल्या सॉकेटला अडीच एमएम आणि १५ अँपिअर. जाडीचा आग्रह का ते सांगतो. अडीच एमएमच्या एक मीटर तांब्याचा रोध ०.००७४ ओम. जायला दोन मीटर आणि यायला दोन, दहा अँपिअरचा पंप लावलात की ०.३ व्होल्ट वाटेतच गेले. दीड एमएम वापरलीत तर अर्धा व्होल्ट. पंप कण्हत चालतो आणि आपण पंपाला शिव्या देतो.

सॉकेटमधला प्रवाह किल्लीतून नेऊ नका, मध्ये एक रिले घाला. साधा चार पिनांचा: ३० नंबरला बॅटरीचा फ्यूज, ८७ सॉकेटला, ८६ किल्लीच्या तारेला, ८५ अर्थला. किल्लीने फक्त रिलेला उठवायचं, ओझं रिलेने उचलायचं. स्टॉर्मची किल्ली आता मिळवायला तुम्ही कुठे जाणार?

आणि आता फायबर. लोखंडी गाडीत निगेटिव्हची तार जवळच्या कुठल्याही बोल्टला चिकटवली की काम झालं, कारण सगळी बॉडीच अर्थ. फायबर वीज नेत नाही. फायबरच्याच दुसऱ्या एका गाडीत सॉकेटची काळी तार डॅशबोर्डच्या पॅनलला स्क्रूने मारलेली मी पाहिली आहे. सॉकेट चालेना म्हणून त्या पोराने तीन सॉकेटं बदलली होती. तारेला परतीची वाटच नाही, सॉकेट काय करणार बिचारं! तुम्ही प्रत्येक पॉझिटिव्हबरोबर तिच्याच जाडीची निगेटिव्ह तार परत बॅटरीपर्यंत, नाहीतर आतल्या लोखंडी सांगाड्यावर घासून चकचकीत केलेल्या जागेपर्यंत न्या. हे होडीवाल्यांना सांगावं लागत नाही. लाकडाच्या नाहीतर फायबरच्या होडीत सगळ्याला दोन तारा लागतातच. म्हणूनच माझा सल्ला: तार घ्यायला गाड्यांच्या दुकानात जाण्याआधी बेतीजवळ मालीमच्या जेटीकडे चक्कर मारा, ट्रॉलरवाले सामान कुठून आणतात ते विचारा. कल्हई केलेल्या तांब्याची तार मिळाली तर तीच घ्या. कापलेलं टोक चांदीसारखं दिसतं. थोडी महाग पडेल, पण खाऱ्या हवेत ती हिरवी पडत नाही, आणि तुमची रविवारची फेरी मोरजीच्या समुद्रावरच जाते.

भोक पाडताना धीर धरा. मापासाठी सॉकेटची मान कॅलिपरने मोजा, बहुतेक २८ ते २९ मिलिमीटर येते. डॅशबोर्डखाली वेगळी पट्टी टाकून तिच्यात बसवलंत तर मामांचा डॅशबोर्ड शाबूत राहतो, मला तेच जास्त आवडेल. फायबरलाच भोक पाडायचं असेल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे तीन मिलिमीटरचं वाटाडं भोक, मग होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) आधी उलटा फिरवून वरचा गुळगुळीत थर कापून घ्या, मग सुलटा. सरळ सुलटा घातलात तर कडेचे टवके उडतात. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क. फायबरचा भुसा एकदा मानेवर पडला की रात्रभर खाजवत बसाल, घामाच्या दिवसांत तर विचारूच नका.

जोड वळून त्यावर टेप गुंडाळू नका. रिंगा क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, वर गरम करून आवळणारी नळी चढवा, फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट घाला (वर सांगितलंच आहे का ते) आणि बॅटरीच्या खांबांवर शेवटी व्हॅसलिनचा हात फिरवा. काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची.

चार्जर कोणता? आपोआप चालणारा, भरल्यावर १३.६ व्होल्टच्या आसपास तरंगत राहणारा. जुना ट्रान्सफॉर्मरचा, चाकांवर ढकलायचा नको. तो विसरलात तर बॅटरी उकळवून काढेल. निम्मी बॅटरी भरायला पाच अँपिअरच्या चार्जरला चार-पाच तास, पाऊण अँपिअरच्या छोट्याला एका दिवसाहून थोडं जास्त. तुम्हाला घाई नाही, छोटाही चालेल. विकत घेताना दुकानात एक प्रयोग करा, दुकानदार तोंड वाकडं करेल तरी: चार्जर बॅटरीला लावा, चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. स्वतःहून पुन्हा चार्ज करायला लागला तर घ्या. काही चार्जर वीज गेली की परत आल्यावर कोणीतरी बटण दाबेल याची वाट बघत बसतात. डिचोलीत जुलैमध्ये वीज किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

जोडताना आधी गाडीचा जोड, मग भिंतीचं बटण, काढताना उलट. विजा कडाडत असतील त्या दिवशी भिंतीतून उपटून ठेवा. आणि गाडीची किल्ली चार्जरच्याच खिळ्याला टांगा. चार्जर जोडलेला असताना गाडी बाहेर काढणारा पहिला माणूस तुम्ही नसाल.

प्रश्न: आमच्या यजमानांची आयात केलेली पोर्शे आहे, ९९७ म्हणतात ती. ते जहाजावर असतात, सहा-सहा महिने नाहीत. बॅटरी पुढच्या डिकीत आहे, आणि बॅटरी मेल्यावर पुढची डिकीच उघडत नाही! किल्लीला दाबलं तर काही नाही. मागे एकदा मेकॅनिकने काच फोडायची भाषा केली. त्याला घरातून हाकललं. यजमान म्हणतात त्यांच्यासाठीही एक चार्जिंग सॉकेट बसवून घे. — सौ. वि. का., पर्वरी

उत्तर: ताई, हाकललंत ते बरं केलंत. या गाडीत पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं, आणि वीज आहे त्या डिकीत. घराची किल्ली कपाटात आणि कपाट घरात, तशातली गत. पण कारखान्याने वाट ठेवलेली आहे. पुढच्या सीटच्या पायाजवळ, बाजूला, फ्यूजचं झाकण आहे. दार साध्या किल्लीने उघडतं. त्या फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारं एक पॉझिटिव्ह टोक असतं. दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा लाल चिमटा त्याला, काळा दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीला, आणि मग किल्लीवरचं डिकीचं बटण. फक्त डिकी उघडण्यापुरतंच. तिथून गाडी सुरू करायला जाऊ नका, त्या तारेची तेवढी छाती नाही. उघडली की चिमटे खऱ्या बॅटरीकडे न्या. यजमानांना मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा आणि तो मोबाइलमध्ये ठेवा.

नवीन सॉकेट बसवण्याआधी वर सांगितलेली परीक्षा तुमच्या गाडीच्या लायटर सॉकेटवर करा. किल्ली काढून, गाडी कुलूप लावून, तासाभराने मोजा. पोर्शेचे स्वतःचे चार्जर लायटरमध्येच लागतात, म्हणून तुमच्याकडे बारा व्होल्ट दिसतील असा माझा अंदाज आहे. दिसले तर खर्चच नको. तुमच्या दाराच्या रबरातून पातळ दोरी जाते, आणि घरात माणूस असतं, उंदीर दिसला तर कळतं. डिचोलीच्या भावांना मी नको म्हटलं तेच तुम्हाला हो म्हणतोय, यात विसंगती नाही. त्यांच्या शेडमध्ये चार-चार दिवस कोणी फिरकत नाही.

नव्या जमान्याच्या इतर गाड्यांसाठी एक सूचना जोडून देतो, कारण पणजीहून तसे फोन आले आहेत. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर छोटी काळी डबी दिसली तर तो सेन्सर आहे, बॅटरीत किती आलं-गेलं ते तो मोजतो. चार्जरचा काळा चिमटा त्या खांबाला नाही, बॉडीवर दिलेल्या अर्थच्या बोल्टला लावा. नाहीतर बॅटरी भरते आणि गाडीला वाटतं ती रिकामीच आहे.

प्रश्न: लायटरमध्ये हवेचा पंप लावला की १० अँपिअरचा फ्यूज उडतो. २० चा घालू का? — प्र., सांखळी

उत्तर: तारेची जाडी बघितल्याशिवाय नाही. फ्यूज तारेसाठी असतो, पंपासाठी नाही. पंपाच्या बुडाला किती अँपिअर ते छापलेलं असतं, १२-१४ असेल तर तुमचा फ्यूज शहाणा आहे. पंपाबरोबर बॅटरीला लावायचे चिमटे आले असतील, ते शोधा. डिकीत, जॅकखाली असतील.